वर्गणी उरलीय, काय करायचं? मदत हवी आहे (अर्जंट)

उपद्व्यापी:
मंडळी पटकन उत्तर हवंय, परवा मीटिंग आहे. आमच्या ग्रुपने मुलांसाठी वर्गणी काढली होती, वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त जमली, काम झालं तरी पैसे शिल्लक आहेत. आता निम्मे म्हणतात दुसऱ्या चांगल्या कामाला वापरून टाकू, निम्मे म्हणतात हात लावायचा नाही आणि खजिनदार फोन उचलत नाहीये. बरोबर कोण? कृपया 'वकिलाला विचारा' सांगू नका, तेवढं मलाही कळतं.

शंकासूर:
मुलांसाठी म्हणजे नक्की कशासाठी? संस्था रजिस्टर आहे का? आवाहनात काय लिहिलं होतं? देश कुठला? नियम सगळीकडे सारखे नसतात.

उपद्व्यापी:
अहो अभ्यासिकेसाठी, अजून कशासाठी. रजिस्टर वगैरे काही नाही, मित्रमित्रच आहोत. आणि आवाहनाचा इथे काय संबंध?

जमाखर्च:
सगळा संबंध त्याच्याशीच आहे. मुलांच्या एका संस्थेचे हिशोब बघायचो म्हणून सांगतो. लोकांनी अभ्यासिकेसाठी म्हणून दिलं असेल तर ते पैसे तुमचे नाहीत, तुमच्याकडे त्या कामापुरते ठेवायला दिलेत. परस्पर दुसरीकडे वळवायचे नाहीत, मग ते काम कितीही पुण्याचं असो. वळवायचेच असतील तर देणाऱ्यांना विचारा, नाही म्हणतील त्यांचे परत करा. पुढच्या वेळी आवाहनातच 'रक्कम उरल्यास अमुक कामासाठी वापरू' अशी एक ओळ टाका, हा ताप वाचतो.

पळापळ:
वर्गणीपेक्षा स्पॉन्सर्ड रन ठेवा, म्हणजे पोरं धावणार आणि त्यासाठी लोक देणगी देणार! टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाने १९८० मध्ये कॅन्सर संशोधनाला पैसे जमवायला कृत्रिम पायावर अर्धा कॅनडा पालथा घातला, १४३ दिवसांत ५,३७३ किमी. कॅन्सर पसरला म्हणून थांबावं लागलं, पण प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर हे त्याचं टार्गेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पूर्ण झालं. तरुण पोरं अशी जोडली जातात, नुसती पावतीपुस्तकं फिरवून नाही.

शंकासूर:
अहो त्यांच्याकडे पैसे जास्त झालेत.

रोखठोक:
म्हणूनच मी कुठेच देत नाही. सगळं ऑफिस नि पगारात जातं. शंभर टक्के मुलांपर्यंत पोचलं तरच अर्थ.

जमाखर्च:
मुलांपर्यंत पोचणं म्हणजे काय हो? अभ्यासिका संध्याकाळी उघडणारा, दहावीच्या पोराला गणितात अडलं तर शेजारी बसणारा माणूस लागतो. त्याचा पगार हेच काम आहे. तरुण मुलांसोबतच्या कामात तर वस्तूंपेक्षा माणसांचाच खर्च मोठा असतो. फीत कापायला सगळे येतात, पुढच्या वर्षीचं वीजबिल भरायला कोण येतं? उपद्व्यापी, तुमचं उत्तरही यातच आहे, शिल्लक त्याच अभ्यासिकेच्या चालू खर्चाला ठेवा.

रोखठोक:
म्हणजे पगारच ना शेवटी.

जुनी पानं:
थोडं अवांतर. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या ब्रिटिश समाजसेविकेने लंडनमध्ये ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांच्या फोटोची पत्रकं वाटली म्हणून तिच्यावर खटला झाला, पाच पौंड दंड झाला आणि सरकारी वकिलानेच तेवढे पैसे तिच्या हातात ठेवले. त्याच वर्षी तिची 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांसाठीची संस्था सुरू झाली. सांगायचा मुद्दा, फोटोत ताकद असते. पण आज मुलांचे असे फोटो वापरावेत का यावर मोठा वाद आहे.

उपद्व्यापी:
फोटोवरून आठवलं. आमच्या पोस्टवर एका मुलीचा फोटो होता, तिच्यामुळेच एवढं जमलं असं तिच्या वडिलांचं म्हणणं आहे, उरलेले पैसे तिच्या फीला द्या म्हणून मागे लागलेत. भांडण खरं त्याचंच आहे.

शंकासूर:
हे आता सांगताय? 🤦 पोस्टमधलं वाक्य शब्दशः टाका. आणि फोटोला घरच्यांची परवानगी घेतली होती का?

उपद्व्यापी:
'हिच्यासारख्या मुलांना अभ्यासाला हक्काची जागा हवी, मदत करा.' परवानगी तोंडी होती.

जमाखर्च:
मग लोकांनी जागेसाठी दिलंय, तिच्या फीसाठी नाही. फी खरंच अडली असेल तर स्वतंत्र मदत गोळा करा, तीही फोटो आणि नाव न टाकता. त्या मुलीला उद्या त्याच अभ्यासिकेत चारचौघांत बसायचंय, तेव्हा जुनी पोस्टही काढून टाका. वडिलांना हे मीटिंगआधी घरी जाऊन नीट समजवा, सगळ्यांसमोर नको.

रोखठोक:
यावर मात्र +१. तोंडी परवानगीला काही अर्थ नसतो.

पळापळ:
तिच्या फीसाठी रन ठेवा ना मग!

उपद्व्यापी:
बरं, वडिलांशी बोलतो. खजिनदाराचा मेसेज आला, म्हणतो शिल्लक नक्की किती ते बघून सांगतो, त्याच्याच खात्यात सगळं असल्यामुळे पगारातलं वेगळं काढावं लागेल.

जमाखर्च:
त्याच्या स्वतःच्या खात्यात??

शंकासूर:
परवाची मीटिंग आजच घ्या. स्टेटमेंट घेऊनच बोलवा त्याला.