बीमएनजी असताना रिग्ज ऑफ रॉड्स कशाला?

तिरका_चेसिस: बीमएनजी आणि रिग्ज ऑफ रॉड्स, दोन्ही गाड्या चालवायचे-ठोकायचे सिम्युलेटर गेम. काल इथे एकाने लिहिलं, 'बीमएनजी आल्यापासून रिग्ज ऑफ रॉड्स संग्रहालयात ठेवायच्या लायकीचं. फुकट आहे म्हणून उगाच कौतुक.' वाचून डोकं फिरलं. बीमएनजी काय आभाळातून पडलं? 2013 मध्ये पहिला डेमो आणणाऱ्यांपैकी काही जणांचा हात रिग्जवरच बसला होता. नोड-बीम (गाडी म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्यांची जाळी), सेकंदाला 2000 वेळा त्या जाळीचं गणित, हे सगळं तिथलंच. रिग्जचा कोड 2009 पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला आहे. सस्पेन्शन वेड्यासारखं उडायला लागलं की मी थेट सॉल्व्हर, म्हणजे ते गणित करणारा कोड, उघडतो. तुम्ही बीमएनजीवाले लुआ स्क्रिप्टा आणि जेबीम (गाडीच्या रचनेच्या फाइली) चाळा. खालचं भौतिकशास्त्र कुलूपबंदच.

गॅस्केट_गेलं: बापजाद्यांची पुण्याई सांगून टायर रस्ता धरत नाही. बीमएनजीत इंजिन तापवलं तर हेड गॅस्केट जातं, पुढे गाडी कशी रखडते तेही दिसतं. सॉल्व्हर उघडणारे इथे किती आहेत? बाकीच्यांना गाडी ठोकायची असते.

लोकिंग_डिफ: मल्टिप्लेअर विसरलात. रिग्जमध्ये ते मुळातच आहे. बीमएनजीवाले बीमएमपी या मॉडच्या (बाहेरच्यांनी बनवलेल्या जोडणीच्या) भरवशावर, म्हणजे पुन्हा मॉडवाल्यांच्याच जिवावर.

नोड_गुंफणारा: मॉडवाल्यांचं नाव काढलंच आहे तर ऐका. रिग्जसाठी ट्रक केला होता. नोड एकेक हाताने लिहिले, स्प्रिंग-डॅम्प (बीमची ताठरता आणि हादरे शोषणं) जुळवताना रात्री गेल्या. कुणीतरी फाइलमधलं माझं नाव पुसून तो एका साइटवर विकायला ठेवला. तक्रारीला उत्तरही नाही.

गॅस्केट_गेलं: वा! एरवी खुल्या कोडचा जप, आणि आपलं कुणी नेलं की गळा काढायचा?

नोड_गुंफणारा: परवाना वाचलायस कधी? खेळ जीपीएलखाली आहे म्हणून माझा ट्रक आपोआप जीपीएलखाली येत नाही. आणि आला असता तरी पैसे घ्यायला जीपीएलची ना नाही, कॉपीराइटची नोंद पुसायला मात्र आहे.

गॅस्केट_गेलं: बरं, वकीलसाहेब, परवान्याचा मुद्दा तुमचा. आता हे सांगा, त्या ट्रकची केबिन कुठून आणली? स्वतः मॉडेल केली, की दुसऱ्या गेममधून उपटली? इथले निम्मे 'कलाकार' तेच करतात.

नोड_गुंफणारा: तोंड सांभाळ. ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल आहे माझ्याकडे. तू आजवर काय बनवलंस? जेबीममध्ये वजन वाढवून त्याला मॉड म्हणणारा तू.

लोकिंग_डिफ: भांडा खुशाल, पण उपटलेल्या मॉडेलचं गॅस्केट खोटं बोलत नाहीये. मी एक बस डाउनलोड केली होती. वरून चकाचक, आत मोजके नोड. कठड्याला घासली तर पत्रा वाकायच्या ऐवजी अख्खी बस चिखलासारखी लोळली. दिसणं चोरता येतं, बीमची जाळी कोण चोरणार?

तिरका_चेसिस: जाळीही चोरतात रे! रिग्जमधल्या गाडीची .ट्रक फाइल साधा मजकूर आहे, नोटपॅडमध्ये उघडते. म्हणूनच तर आपण सगळे दुसऱ्याच्या फाइली बघून शिकलो.

नोड_गुंफणारा: बघून शिकणं वेगळं, नाव खोडून विकणं वेगळं. तू तरी त्यात गल्लत करू नकोस.

गॅस्केट_गेलं: चला, म्हणजे खुलं असण्याचा तोटाही असतो, एवढं तरी कबूल झालं.

तिरका_चेसिस: जेबीमही साधा मजकूरच आहे, शहाण्या. कुलूप लावून तुमच्या मॉडच्या चोऱ्या थांबल्या का?