मदत हवी आहे: एपीशेड्युलरमध्ये एकच जॉब सात वेळा, आयडी मात्र सातही वेगळे

सियागंजकर
पायथन, एपीशेड्युलर (ठरल्या वेळी कामं म्हणजे जॉब चालवणारी लायब्ररी) 3 ची मालिका, जॉबस्टोअर (जॉब साठवायची जागा) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. इंदूरच्या घाऊक दुकानांच्या गिऱ्हाइकांना रात्री 9 ला उधारीची आठवण जाते. काल एकेकाला सात मेसेज गेले, दुकानदारांचे फोन सुरू आहेत. प्रिंट_जॉब्स केलं की ‘उधारी_आठवण’ सात ओळींत, वेळही तीच. टेबलात सात रांगा, आयडी म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. कोडमध्ये ॲड_जॉब एकदाच आहे. शेड्युलर स्वतःच नवी नावं देऊन कॉप्या काढतो का? मॅक्स_इन्स्टन्सेस (एक जॉब एकाच वेळी किती वेळा धावू द्यायचा ती मर्यादा) 1 असूनही?

रात्रपाळी
पहिल्यांदा जॉब नोंदवल्यापासून सर्व्हिस किती वेळा रीस्टार्ट झाली?

सियागंजकर
लॉगमध्ये मोजलं. सहा.

रात्रपाळी
मग हिशेब जुळला, पहिली एक आणि नंतरच्या सहा. ॲड_जॉबला आयडी दिला नाही की तो यूयूआयडी4 (आपोआप बनणारा यादृच्छिक ओळख-क्रमांक) काढून त्याची 32 अक्षरी माळ लावतो. नाव दिलं नाही तर फंक्शनचंच नाव उचलतो. म्हणजे नाव तेच, आयडी दर वेळी नवा. जॉबस्टोअर टिकाऊ असल्यामुळे जुनी रांग जात नाही, आणि आयडी जुळत नाही म्हणून त्याला ही नक्कल वाटतच नाही. तो नाव बघत नाही, फक्त आयडी बघतो. मॅक्स_इन्स्टन्सेसही आयडीमागे मोजतात. सात आयडी, सात मुभा.
प्रिंट_जॉब्स आयडी दाखवत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही. गेट_जॉब्सवर लूप लावून जॉब.आयडी छापा.

उपाय: आयडी='उधारी_आठवण' आणि रिप्लेस_एक्झिस्टिंग=ट्रू, दोन्ही. नुसता आयडी दिलात तर पुढच्या रीस्टार्टला कॉन्फ्लिक्टिंगआयडीएरर (हा आयडी आधीच आहे अशी चूक) येईल. तोही ॲड_जॉबच्या ओळीवर नाही, स्टार्टच्या ओळीवर. कारण स्टार्टआधीचे जॉब नुसते ताटकळत ठेवलेले असतात. माणूस भलत्याच जागी शोधत बसतो.

सियागंजकर
जुन्या सात रांगा थेट डिलीट करू? 32 अक्षरी आयडी असलेल्या सगळ्या?

छप्पन_नंबर
नको! दुकानदारांनी स्क्रीनवरून लावलेले एकदाचे जॉब असतील तर त्यांचेही आयडी तसेच असणार. नावावरून एसक्यूएलमध्ये गाळताही येणार नाही, टेबलात आयडी, पुढची वेळ आणि पिकल केलेला (पायथनने बाइट्समध्ये गुंडाळलेला) गोळा एवढंच असतं. नाव त्या गोळ्यात.

सर्व्हिस बंद करा, टेबलची प्रत काढा. मग छोटी स्क्रिप्ट: तेच जॉबस्टोअर लावून स्टार्ट(पॉज्ड=ट्रू), गेट_जॉब्स, नाव जुळलं की रिमूव्ह_जॉब(जॉब.आयडी). स्टार्ट न करता गेट_जॉब्स विचारलं तर टेबलातलं काहीच दिसत नाही.
आणि ही स्क्रिप्ट प्रोजेक्टच्याच फोल्डरमधून, त्याच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवा. फंक्शन इम्पोर्ट झालं नाही तर हा बाबा ‘जॉब रिस्टोअर होत नाही’ असं लॉगमध्ये लिहून ती रांग स्वतःच काढून टाकतो. प्रत त्यासाठीच.

रात्रपाळी
रिप्लेस_एक्झिस्टिंगची एक खोच: रीस्टार्टला पुढची वेळ नव्याने काढली जाते. तुमचा 9 चा क्रॉन ट्रिगर (घड्याळातल्या ठरल्या वेळेचा) आहे, फरक पडत नाही. पण ‘दर 6 तासांनी’ असा इंटरव्हल जॉब असेल आणि सर्व्हिस दर 5 तासांनी उठबस करत असेल, तर तो कधीच धावणार नाही. तिथेही क्रॉनच लावा.
गनिकॉर्नवर (वेब ॲप चालवणारा सर्व्हर) किती वर्कर प्रोसेस?

सियागंजकर
3, आजच वाढवले, कालपर्यंत एकच होता. सफाई झाली, रांग एकच उरली. पण आज मेसेज तीन गेले.

रात्रपाळी
तेच विचारत होतो. प्रत्येक वर्कर आपापला शेड्युलर चालू करतो आणि तिघे एकाच रांगेवर बसतात. 3 च्या मालिकेत एक जॉबस्टोअर अनेक प्रोसेसमध्ये वाटून घेता येत नाही, आयडी कितीही नेटका ठेवा. शेड्युलर वेगळ्या प्रोसेसमध्ये काढा, सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी व्यवस्था) स्वतंत्र सर्व्हिस करून. वेब ॲपमधली स्टार्टची ओळ काढायला विसरू नका.

सियागंजकर
केलं. 9 ला एकच गेला.