घरात आपत्कालीन साहित्य घेताना प्राधान्य कशाला द्यावे?

प्रश्न (वडगाव, बेळगाव)
आमच्या घरी पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर आणि माडीवर वृद्ध आई-वडील अशी रचना आहे. साधारण पाच हजार रुपयांत काय घ्यावे? दुकानदार मोठे अग्निशामक आणि तयार प्रथमोपचार पेटी यांचाच आग्रह धरतो.

उत्तर (खानापूर)
दादा, पेटी नंतर घेतली तरी चालेल. त्यातली कात्री बहुधा पहिल्याच पावसाळ्यात गंजते. आधी वायरमनला बोलावून घरच्या लाइनवर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, कारण एमसीबी (नेहमीचा आपोआप बंद होणारा स्विच) जादा भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी असतो. ओल्या भिंतीतून माणसाला शॉक बसत असताना एमसीबी वीज तोडेलच असे नाही. मागांची लाइन वेगळी ठेवायची की नाही, हे वायरमनने मोटारी पाहून ठरवावे. गॅसच्या सुरक्षा नळीवरची तारीखही पाहावी. ती पाच वर्षांनी बदलायची असते.

उत्तर (निपाणी)
मागाच्या खोलीत सूत, तंतूंचा भुगा आणि विजेची मोटार एकत्र असल्याने एबीसी पावडरचे (कापड-लाकूड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारे) अग्निशामक योग्य ठरेल. मात्र घरातील बाईमाणसाला किंवा वडीलधाऱ्यांना उचलता येईल असे दोन किलोचे, आयएसआय चिन्हाचे घ्यावे आणि आग लागल्यावर ज्या दारातून बाहेर पडायचे त्या दाराशीच टांगावे. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून पाहत जावे. कढईतील तेल पेटल्यास पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे आणि कढई हलवू नये. पावडरचा झोत अगदी जवळून मारला तर पेटते तेल उडते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गॅस डिटेक्टर आणि धुराचा अलार्म एकाच जागी चालतील का?

उत्तर (खानापूर)
चालणार नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने डिटेक्टर जमिनीलगत लावावा, तर धूर वर चढत असल्याने अलार्म छताला, आपल्याकडे जिन्याच्या माथ्यावर लावावा. आई-वडील वर झोपतात म्हणून यातला अलार्म आधी घ्यावा. गॅसचा वास आल्यास एकही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

उत्तर (चिक्कोडी)
ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या कृष्णाकाठी कागदपत्रांचे फार हाल झाले. रेशनकार्ड, खातेउतारे आणि आई-वडिलांची आठवड्याची औषधे जलरोधक पिशवीत घालून माडीवर ठेवावीत. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही. वर एक टॉर्चही असावा.