गेम्सकॉमला पोरांना न्यायचं तर पट्ट्याचं आधी बघा

ई-३ हा अमेरिकेतला व्हिडिओ गेम्सचा मोठा मेळा बंद पडल्यावर आता जर्मनीतल्या कोलोनचं गेम्सकॉम हीच गेम्सची खरी पब्लिकची जत्रा, असं म्हणतात ते मान्य. पण "पोराबाळांना घेऊन बिनधास्त जा, सगळं खेळायला मिळतं" असं जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. तिथे वयाप्रमाणे मनगटावर पट्टा बांधतात, १२, १६ आणि १८ वर्षांचा वेगवेगळ्या रंगाचा, आणि तो ओळखपत्र दाखवल्याशिवाय मिळत नाही, मिशी बघून देत नाहीत! जर्मनीत गेम्सना यूएसकेचं (कुठला गेम कुठल्या वयाला चालेल ते ठरवणारी तिकडची संस्था) वयाचं रेटिंग असतं आणि तिकडचे लोक ते कडक पाळतात. १८+ वाल्या गेमचा स्टॉल चारी बाजूंनी भिंती घालून बंद केलेला असतो, बाहेरून स्क्रीनसुद्धा दिसत नाही, दारात माणूस मनगट बघतो मगच आत.

आम्ही गेलो तेव्हा भाचा तेरा वर्षांचा, त्याला जे बघायचं होतं ते नेमकं भिंतीआड, मग साहेब तोंड पाडून उभे. शेवटी त्याला रेट्रोच्या भागात नेलं, जुन्या कन्सोलवर असा रमला की निघायचं नाव नाही, आणि रांग पण फार नव्हती. मोठ्या स्टॉलला तासन्‌तास उभं राहावं लागतं, लोक चक्क घडीचं स्टूल घेऊन येतात. बुधवार मुख्यतः धंदेवाल्यांचा आणि प्रेसचा असतो, त्यामुळे आपण गुरुवार धरायचा, शनिवारी मुलांना घेऊन तर नकोच.