जुना इंटरनेट रेडिओ: बॅटरी टिकत नाही आणि वायफायही सारखं तुटतं

पहाटवारा:
नमस्कार मंडळी. घरात बारा-तेरा वर्षं जुना इंटरनेट रेडिओ आहे. मागे निकेल मेटल हायड्राइडचा पॅक आहे, लेबलवर १४.४ व्होल्ट, २००० एमएएच. पूर्वी प्लग काढून चार-पाच तास आरामात चालायचा. आता रात्रभर चार्ज केला तरी एक बातमीपत्र संपेपर्यंत टिकत नाही.

वायफायचा त्रास त्याहून मोठा. राउटर बदलल्यापासून नेटवर्क दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी कधी जोडला जातो, कधी नाही. जोडला गेलाच तर आवाज वाढवल्यावर प्रसारण अडकतं आणि स्क्रीनवरचं वायफायचं चिन्ह लाल होतं. प्लग लावलेला असतानासुद्धा! फोन त्याच टेबलावर ठेवला तर रेंज पूर्ण. फॅक्टरी रीसेट करून झालं.

रेडिओ आई वापरते. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण गोल बटण किती खटके फिरवलं की कुठलं स्टेशन लागतं हे तिच्या बोटांना पाठ आहे. म्हणून हाच रेडिओ वाचवायचा आहे. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच असेल का?

खटका:
राउटरवर वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने चालू आहेत का? इतक्या जुन्या रेडिओला बहुधा २.४च कळतं. दोन्हींना वेगळी नावं देऊन बघा.

डाग-डुजी:
मूळ दोन असावीत, पण ती एकमेकांत मिसळली आहेत. आवाज वाढवल्यावर तुटतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. राउटरला आवाजाशी काही देणंघेणं नाही. आवाज वाढला की अँप्लिफायर जास्त करंट ओढतो, त्याच वेळी वायफायलाही करंटचे झटके लागतात, आणि पुरवठा कमजोर असेल तर व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. पहिला बळी वायफायचा जातो.

त्यामुळे राउटरला हात लावण्याआधी पॅक पूर्ण काढा आणि नुसत्या अ‍ॅडाप्टरवर मोठ्या आवाजात ऐका. नीट चालला तर दोष पॅकचा: खराब पॅक सतत चार्जिंग मागत राहतो आणि अ‍ॅडाप्टरवर भार टाकतो. तरीही तुटलं तर अ‍ॅडाप्टर तपासा, पण रेडिओ चालू असतानाच. जुन्या अ‍ॅडाप्टरमधले कपॅसिटर सुकलेले असतात. मोकळा मोजला की मीटरवर आकडा बरोबर येतो, भार पडला की घसरतो.

१४.४ व्होल्ट म्हणजे १.२ चे १२ सेल एका रांगेत. चार्ज करून तासाभराने प्रत्येक सेल वेगळा मोजा. चांगला सेल १.३ च्या वर दाखवेल. एखादा मेलेला असला तरी सगळा पॅक आडवा होतो. मात्र तेवढाच बदलू नका. जुन्यांच्या रांगेत एक नवा बसवला की कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात आणि तोही जातो. बाराही बदला, कमी सेल्फ-डिस्चार्जवाले (नुसते पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे) घ्या, आणि पट्ट्या जोडलेलेच मागा. सेलवर थेट सोल्डरिंगची उष्णता त्याला आतून मारते.

पॅकमधून दोनपेक्षा जास्त वायरी येत असतील तर त्यात थर्मिस्टर असणार. तो काढून नव्या पॅकच्या मधल्या सेलला घट्ट चिकटवा. त्याच्यावरूनच चार्जरला तापमान कळतं. आणि कोणी कितीही सांगितलं तरी तिथे लिथियम सेल घालू नका. हा चार्जर त्यांच्यासाठी नाही, आग लागू शकते.

पहाटवारा:
पॅक काढून चालवला. पूर्ण आवाजातही एकदासुद्धा तुटला नाही! सेल मोजले: दहा ठीक, एक ०.४ वर, एक चक्क शून्य. पण बंद करून पुन्हा चालू केला की जोडणीची रडकथा तीच.

डाग-डुजी:
म्हणजे उरलेलं दुखणं राउटरचं. राउटरवर वायफायचा सुरक्षा प्रकार बघा. त्यातला नवा प्रकार डब्ल्यूपीए३ आला २०१८ मध्ये, तुमचा रेडिओ त्याच्या आधीचा. 'डब्ल्यूपीए२/३ मिश्र' ठेवलं तरी काही जुनी यंत्रं अडखळतात. सगळ्या घराची सुरक्षा उतरवू नका. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) फक्त २.४ वर उघडा, त्याला जुना प्रकार डब्ल्यूपीए२-एईएस द्या. राउटरवर २.४च्या चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो. घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी रेडिओवर वाजवत असाल तर मात्र गेस्टवरून तो कॉम्प्युटर बहुधा दिसणार नाही.

पहाटवारा:
गेस्टवर लगेच जोडला गेला, बंद-चालू करूनही. फक्त एक स्टेशन गप्प आहे, बाकी सगळी वाजतात. नवा पॅक येईपर्यंत असाच वापरू ना?

डाग-डुजी:
खुशाल वापरा. तुम्ही चालवून बघितलाच आहे, त्याला पॅकची गरज नाही. मोकळ्या कनेक्टरवर तेवढी चिकटपट्टी लावा, आणि जुना पॅक ई-कचऱ्यातच द्या. गप्प स्टेशनने बहुधा प्रसारणाचा पत्ता किंवा प्रकार बदलला असेल. नुसतं एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचा पत्ता) केलं तरी जुन्या रेडिओला ते उघडत नाही. त्याच स्टेशनचा साधा एमपी३ पत्ता मिळाला तर तो टाका, आणि आईंच्या बोटांना पाठ असलेल्या त्याच जागी सेव्ह करा.