उत्तरायण, जखमी कबूतर आणि बालवर्गातली मुलं

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे): १४ जानेवारी, म्हणजे पतंगांचं उत्तरायण, जवळ आलीय. पाच वर्षांच्या मुलांना मांज्याने कापलेल्या पक्ष्याबद्दल काय शिकवावं?

उत्तर: एकच नियम. हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी सुती कापड टाकून, पंख अंगाशी धरून उचलावं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावं. रुतलेला दोरा ओढू नये, जखम आणखी चिरते; लोंबतो तेवढाच कापावा. मग १९६२ या प्राणी-मदत क्रमांकावर फोन.

उत्तर: चोचीत पाणी अजिबात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. सगळे हीच चूक करतात, तीही प्रेमाने!

उत्तर: वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस, १५ जानेवारी) संपलं की मुलांना गच्चीवरचा दोरा शोधायला लावा. त्यांनी फक्त दाखवायचा. काचेची पूड असते, गुंडाळायचा तुम्ही, काठीवर.