युनियन केलं तरी सभासद दोनदा येतायत

प्रश्न:
मंडळी, गावातल्या वाचनालयाचं काम हौसेनं अंगावर घेतलंय. दोन शाखांच्या सभासदांची एकच यादी करायचीय. सी शार्प भाषेत लिहितोय, सभासद नावाचा साधा क्लास, एका लिस्टमध्ये ६१२, दुसरीत ४८७. लिंकचं (LINQ, सी शार्पमधली याद्या हाताळायची सोय) युनियन लावलं, ते दोन याद्या जोडून दुबार नोंदी गाळतं ना, तर आकडा आला १०९९. म्हणजे नुसती बेरीज! ग्रंथपाल काकू तर म्हणतात, शंभरेक जण दोन्हीकडून पुस्तकं नेतात. मग याद्या नुसत्या एकापुढे एक जोडणाऱ्या कॉनकॅटनं काय वाईट केलं होतं?

उत्तर १:
माहिती तीच असली तरी मेमरीत ती दोन वेगळी ऑब्जेक्ट आहेत, आणि क्लासच्या बाबतीत युनियन तेवढंच बघतं. इक्वल्स (दोन नोंदी सारख्या का ते ठरवणारं) आणि गेटहॅशकोड (नोंदीवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढणारं) दोन्ही ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या क्लासात स्वतः लिहा. एकट्या इक्वल्सवर भागवलंत तर फसाल. आधी हॅश जुळतो का ते पाहिलं जातं. तो जुळला नाही तर इक्वल्सला कुणी विचारतही नाही.

उत्तर २:
डॉटनेट (सी शार्प ज्यावर चालतं ते) ६ किंवा पुढचं असेल तर युनियनबाय आहे की! मोबाइल नंबर की, म्हणजे नोंद ओळखायची खूण, म्हणून द्या, एका ओळीत काम. पहिल्या यादीतली नोंद राहते, म्हणून ज्या शाखेचे पत्ते ताजे, ती आधी.

प्रश्नकर्ता:
मोबाइलवर केलं आणि नातवंडंच गायब झाली, सगळ्या घराचा नंबर आजोबांचा! आता नाव आणि जन्मतारीख मिळून की केलीय. १००३ वर आलो. पण गोऱ्हे, कुऱ्हाडे मंडळी अजून दोनदा. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही, पण लेंग्थ (संगणकाच्या लेखी किती चिन्हं) छापली तर एका ‘गोऱ्हे’ची ६, दुसऱ्याची ७!

उत्तर १:
हा खास आपला मराठी बग. एका शाखेत ऱ टाइप केलाय, दुसरीकडे र, हलन्त आणि मागून झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. वेगवेगळ्या तऱ्हेनं टाइप झालेलं अक्षर एकसारखं करणारं नॉर्मलाइझ इथे उपयोगाचं नाही, ते र आणि नुक्ता (खालचं टिंब) जोडून ऱ करेल, पण जॉइनरला हात लावत नाही. की बनवण्याआधी रिप्लेसनं ‘र, हलन्त, जॉइनर’च्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला.

प्रश्नकर्ता:
९९१! काकूंना यादी दाखवली. चष्मा वर करून म्हणाल्या, यातले चौघे वारले की रे. त्यांची वेगळी लिस्ट करून, त्यातले वगळायला एक्सेप्टबाय लावलं, तर कंपाइलच होईना.

उत्तर २:
त्याला दुसरी यादी सभासदांची चालत नाही, नुसत्या कीची लागते. आधी सिलेक्ट करून की काढा.